पोराचा 'कां' आणि मास्तराची छडी



आज दोन शब्द बोलावयाचे ते आमच्याच धंद्याविषयीं. शाळा पोराला शहाणें करते असें आपण धरून चालतों. पण जें पोर घरीं दिवसभर 'कां? कशानें?' म्हणून आईचा पदर ओढतें, तेंच चौथींत गेलें म्हणजे मुकें होतें. याचा जाब कोणी विचारीत नाहीं.

जुन्या पंतोजीच्या शाळेंत धुळपाटीवर अक्षरें गिरवीत आणि पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी एका सुरांत म्हणवून घेत. या पाठांतराला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. ज्याला दिडकी येते त्याला बाजारांत वाणी सहसा फसवीत नाहीं. पण पाऊण म्हणजे काय, असें विचारणाऱ्या पोराला ओणवें करून अंगठे धरायला लावीत, दोष त्याचा! तें पोर मोठें झाल्यावर, सावकाराच्या खतावर सही करतांना, 'पुन्हां एकदां वाचून दाखवा' म्हणण्याची छाती त्याला कोठून व्हावी?

ज्यांना शाळेचा उंबरठाच बंद होता त्यांचें काय झालें तेंही पाहा. जोतीराव व सावित्रीबाईंच्या शाळेंतील मांग जातीची मुलगी मुक्ता हिनें १८५५ सालीं 'ज्ञानोदयां'त निबंध लिहिला आणि वेद आम्हांस बंद, तर आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल केला. तिला कोणी अंगठे धरायला लाविलें नव्हतें. पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं मागितलें कीं, प्राथमिक शाळेंत शेतीचें व आरोग्याचें ज्ञान द्या, आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरील असा मास्तर शेतकऱ्यांतून तयार करा.

तसा मास्तर कां हवा, तें सांगतों. 'उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात' हें वाक्य वर्ग घोकतो. त्याच वर्गांत लोहाराचें पोर बसलेलें असतें. लाकडी चाकाची लोखंडी धांव चाकाहून किंचित् लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळांत लाल करून चढवितात, आणि पाणी ओततांच ती आंवळून बसते, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. त्याला कोणी विचारीतच नाहीं! दुसरें पोर भुईमुगाचा वेल उपटून आणतें. मुळांवरच्या गांठी हा रोग कीं काय, म्हणतें. 'पुस्तकांत नाहीं, खालीं बस' म्हटलें कीं संपलें. तीच गांठ नखानें फोडून दाखवावी. आंत तांबूस दिसली, तर तींतले सूक्ष्म जंतू हवेंतला नत्रवायु पिकाला देत आहेत. भुईमुगामागून ज्वारी कां जोमानें येते, हें बापाला ठाऊक नसलेलें कारण पोर घरीं नेईल.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मारणें बंद केलें, आणि मूल भयमुक्त होऊन स्वतः शोधून शिकावें असेंही त्यांत लिहिलें आहे. उत्तम झालें. पण छडी कपाटांत गेली तरी डोळे वटारणें कोठें गेलें? आणि मायबापहो, रागावूं नका, 'मोठ्यांच्या तोंडीं लागतोस?' हें वाक्य पोर शाळेंत येण्यापूर्वीं घरींच ऐकतें. मुलीच्या वांट्याला तर तें दुप्पट येतें.

म्हणून आमची एक विनंति. गांवांतल्या लोहारदादांनीं व कुंभारकाकांनीं महिन्यांतून एक दुपार शाळेला द्यावी. भाता लावायला आवारांत जागा आहे, कोळसा आम्ही आणूं. पोरें विचारतील तें विचारूं द्या.