दागिन्यांची डबी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला दागिन्यांविषयी बोलायचे नाही. दागिने ठेवायच्या डबीविषयी बोलायचे आहे. आपल्यापाशी दागिने ते कितीसे असणार! पण थोडे असते, तेच अधिक जपावे लागते.

माझ्या सासूबाई गेल्या, तेव्हा त्यांचे गाठोडे उघडले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तोरड्या काळ्याठिक्कर झाल्या होत्या. जोडव्यांना रबर बांधलेले, ते वितळून चांदीला चिकटले होते. त्यांतच नथ कोंबलेली. तिच्या मोत्यांचे पाणी गेले होते. आम्ही दोघी जावांनी आपापली डोरली त्यांच्याकडेच ठेवायला दिली होती. गाठोड्यात निघाले एकच. दुसरे केव्हातरी मोडून घरखर्चाला गेले असावे. उरले ते कोणाचे? मी म्हणे माझे, जाऊबाई म्हणत त्यांचे. यादी कुठेच नव्हती. त्या एका डोरल्यापायी आम्ही दोन वर्षे एकमेकींचा उंबरा चढलो नाही.

पुढे मी चौकशी केली. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते, आणि ओल असली की लवकर पडते. रबरातही गंधक असते. आपल्या मोहर्लीला इरई धरणाचे पाणी लागून. पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. म्हणून मी घरातल्याच टाकाऊ वस्तूंतून डबी केली. ती अशी :

बिस्किटांचा झाकणाचा रिकामा पत्र्याचा डबा धुऊन उन्हात वाळवावा. आत जुन्या धोतराचे, पुष्कळदा धुतलेले पांढरे कापड बसवावे. त्याच कापडाच्या लहान पिशव्या शिवून प्रत्येक दागिन्याला एक द्यावी. सोने मऊ, खडा कठीण. एकत्र ठेवले की घासतात. चांदीची पिशवी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढावी. डब्यात खडूचे दोन तुकडे ठेवावे. ते ओल टिपतात. महिन्याने त्यांना चांगले ऊन द्यावे.

मोत्यांचे मात्र उलट. त्यांना प्लॅस्टिकात कोंडू नये, खडूशेजारीही ठेवू नये. फार कोरड्यानेही मोती बिघडतो. नथ मऊ सुती कापडात, वेगळ्या डबीत ठेवावी. अत्तर आणि घाम लागला असेल तर आधी पुसावी.

रिकाम्या काडेपेट्या एकीवर एक चिकटवून साडीचा तुकडा लावला, की खोट्या कानातल्यांचे सुरेख कप्पे होतात. त्यांत चांदी ठेवू नये. काडीच्या गुलात गंधक असते. जुन्या कॅलेंडरची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर लुगड्याचा काठ शिवला, की काचेच्या बांगड्या नीट राहतात. भारी सोने मात्र बँकेतच बरे.

आता सर्वांत महत्त्वाचे. झाकणाच्या आत वहीचे एक पान लावावे. दागिना कोणता, वजन किती, कोणी दिला, कोणत्या साली, हे लिहावे. दुसरी प्रत पावत्यांबरोबर वेगळीकडे ठेवावी. कोणाकडे ठेवायला दिला, तर तेही लिहावे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सांगितले, की स्त्रीधन सासरी ठेवायला दिले तरी ते तिचेच राहते. कायदा आपल्या बाजूचा आहे, भगिनींनो. पण काय दिले ते आपल्यालाच सांगता आले पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात ताडोब्याच्या गाभ्यातले फिरणे बंद, हाताला काम कमी. तेव्हा मी जाऊबाईंकडे गेले. ओसरीवर बसून आम्ही दोन डब्या केल्या. ते डोरले आम्ही तिच्या मुलीच्या नावाने यादीत लिहिले आणि खाली दोघींनी सह्या केल्या.

तुम्हीही या पावसाळ्याआधी एक दुपार काढा.