‘आगामी आकर्षण’ आणि प्रेक्षकाचा पहिला ग्रह

संस्कृत नाटकाच्या आरंभीं नांदी झाली म्हणजे सूत्रधार रंगभूमीवर येतो, कवीचें व नाटकाचें नांव सांगतो, नटीशीं चार शब्द बोलतो आणि मुख्य पात्रांना वाट करून देऊन निघून जातो. कालिदासाच्या शाकुंतलांतील सूत्रधार तर इतका विनयशील आहे कीं, जाणत्यांचें समाधान झाल्यावांचून आपल्या प्रयोगकौशल्यावर विश्वास ठेवावयास तो तयार होत नाहीं. आजच्या चित्रपटासही असा एक सूत्रधार असतो. मात्र तो खेळाच्या महिना दोन महिने आधींच हजर होतो, दोन-अडीच मिनिटें मोठ्यानें बोलतो, आणि विनय त्याच्या गांवींही नसतो. त्यालाच सर्वत्र ट्रेलर म्हणतात.

एखाद्या मोठ्या चित्रपटाचा ट्रेलर सकाळीं प्रसिद्ध व्हावा, दुपारपर्यंत तो घरोघरच्या मोबाइलवर पोंचावा आणि सायंकाळच्या चहाबरोबर घरांतील प्रत्येकाचें मत ठरून जावें, हा आतां नित्याचा अनुभव झाला आहे. शेंकडों माणसांनीं दोन-तीन वर्षें खपून केलेल्या कृतीचा निकाल दोन मिनिटांत लागतो. आणि उलट, त्याच दोन मिनिटांच्या भरंवशावर एखादें कुटुंब आपली सुटीची संध्याकाळ आणि महिन्याच्या खर्चांतील एक चांगली रक्कम खर्चून बसतें. तेव्हां या पहिल्या ग्रहाचें मोल किती धरावें, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाहीं. तो विवेकाचाही होतो.

‘ट्रेलर’ या शब्दाचा मूळ अर्थ मागून ओढत येणारा असा आहे. हल्लीं जो खेळाच्या पुढें चालतो त्याला हें नांव कसें पडलें, याचें उत्तर त्याच्या जन्मकथेंत आहे. १९१३ सालीं न्यूयॉर्क येथें मार्कस लो यांच्या नाट्यगृहांची जाहिरात पाहणारे निल्स ग्रनलंड यांनीं ‘द प्लेझर सीकर्स’ या संगीत नाटकाच्या तालमींची एक लहानशी चित्रफीत करून ती पडद्यावर दाखविली. त्याच वर्षीं ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’ ही चित्रमालिका निघाली. तिचा एक भाग संपला, कीं नायिका संकटांत सांपडलेली दाखवावयाची आणि पुढें काय होणार या प्रश्नावर प्रेक्षकांस घरीं पाठवावयाचें, अशी युक्ति तींत होती. आरंभीं हे तुकडे मुख्य खेळाच्या शेवटीं जोडलेले असत. परंतु खेळ संपतांच लोक उठून दाराकडे वळतात, हें ध्यानांत आल्यावर ते खेळाच्या आधीं दाखविण्याची वहिवाट पडली. जागा बदलली, नांव मात्र तेंच राहिलें.

योगायोग असा कीं, याच १९१३ सालच्या ३ मे रोजीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्याच्या एका जाहिरातीविषयीं अशी आख्यायिका सांगतात कीं, तींत सत्तावन हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीच्या चित्राचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, असें आश्वासन होतें. प्रेक्षकाला कथेपूर्वीं प्रचंडपणानें दिपवावें, ही कल्पना आजची नव्हे, हें यावरून दिसून येईल.

१९१९ सालीं अमेरिकेंत ‘नॅशनल स्क्रीन सर्व्हिस’ ही संस्था निघाली आणि पुढें कित्येक दशकें बहुतेक मोठ्या चित्रसंस्थांचे ट्रेलर तिच्याच हातून बाहेर पडले. त्या सांच्यांतून कांहीं स्वतंत्र प्रज्ञेचे दिग्दर्शक बाहेर निघाले. १९४१ च्या ‘सिटिझन केन’साठीं ऑर्सन वेल्स यांनीं खास निराळें चित्रण केलें. त्यांत त्यांच्या सहकारी नटांची ओळख आहे, त्यांचा स्वतःचा आवाज आहे. ते स्वतः मात्र कोठेंच दिसत नाहींत. १९६० च्या ‘सायको’साठीं आल्फ्रेड हिचकॉक जवळजवळ सहा मिनिटें स्वतः पडद्यावर वावरले. चित्रांतील निर्जन धर्मशाळा आणि टेकडीवरचें घर ते एखाद्या वाटाड्याप्रमाणें दाखवितात, आणि शेवटीं स्नानगृहाचा पडदा बाजूस सारतांच एका स्त्रीची किंकाळी ऐकूं येते. ही स्त्री म्हणजे चित्रांत तेथें असणारी जॅनेट ली नव्हे, तर व्हेरा माइल्स ही दुसरीच नटी होती! सांगावयाचें तें सांगून मुख्य रहस्य राखणें, ही ट्रेलरची खरी कला या दोघांनीं दाखवून दिली.

१९७५ च्या उन्हाळ्यांत ‘जॉज’ हा चित्रपट एकाच दिवशीं चारशेंहून अधिक चित्रगृहांत लागला आणि त्यापूर्वीं दूरचित्रवाणीवरील जाहिरातींवर सुमारें सात लाख डॉलर खर्च करण्यांत आले. पूर्वीं चित्रपट या शहरांतून त्या शहरांत सावकाश फिरे आणि त्याची कीर्ति पाहणाऱ्यांच्या तोंडून पसरे. आतां पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर त्याचें भवितव्य ठरूं लागलें. पाहून आलेल्याचें मत कानीं पडण्यापूर्वींच तिकीट काढवून घ्यावयाचें असेल, तर सगळा भार ट्रेलरवरच पडावा, हें ओघानेंच आलें.

हा ट्रेलर तयार कसा होतो, हें कळलें म्हणजे त्याच्याविषयींचा अर्धा मोह ओसरतो. बहुधा चित्रपटाचा दिग्दर्शक तो जुळवीत नाहीं; हें काम करणाऱ्या स्वतंत्र कारागिरांकडे तें सोंपविलें जातें. त्या वेळीं चित्रपट पुष्कळदां पुरा झालेला नसतो. त्याचें संगीत बांधून व्हावयाचें असतें, म्हणून ट्रेलरला दुसऱ्याच कोणाचें संगीत लावतात. त्याची घडणही ठरलेली आहे. प्रथम शांत प्रास्ताविक, मग संकटाची चाहूल, मग दृश्यांचा भडिमार, एकदम स्तब्धता, एखादा विनोद, एक प्रचंड घणाघात, आणि शेवटीं नांव व तारीख. अमेरिकन ट्रेलरचा आवाज म्हणून गाजलेले डॉन लाफाँटेन (१९४०–२००८) यांनीं पांच हजारांहून अधिक ट्रेलरांना आपला गंभीर कंठ दिला. कथा कोणतीही असो, कंठ तोच. मग अंगावर जो काटा उभा राहिला, तो कथेमुळें कीं कंठामुळें, हें प्रेक्षकानें ठरवावें कसें?

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपल्याकडे म्हणतात. पण ही परीक्षा खरी ठरण्यास दोन अटी आहेत. शीत त्याच भांड्यांतलें असावें, आणि तें सहजगत्या उचललेलें असावें. ट्रेलरचें शीत निवडून काढलेलें असतें; कधीं कधीं तर तें त्या भांड्यांतलेंही नसतें. २०१६ च्या ‘रोग वन’च्या पहिल्या ट्रेलरमधील कित्येक दृश्यें पुऱ्या चित्रपटांत आलींच नाहींत. २०१८ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’च्या ट्रेलरमध्यें हल्क हा हिरवा महाकाय वीर इतर वीरांबरोबर रणांगणांत धांवत असलेला दिसतो; चित्रपटांत तो तसा कोठेंच धांवत नाहीं. कथेचें रहस्य राखण्यासाठीं केलेली ही हुलकावणी म्हणून रसिकांनीं ती हंसून सोडून दिली. परंतु प्रत्येक वेळीं हेतु इतका निर्मळ असेल असें नाहीं.

असें असूनही लोक भुलतात, आणि हौसेनें भुलतात. १९९८ च्या नोव्हेंबरांत ‘स्टार वॉर्स’ मालेंतील ‘द फँटम मेनेस’चा ट्रेलर अमेरिकेंत लागला, तेव्हां कांहीं चाहत्यांनीं भलत्याच चित्रपटाचें पूर्ण तिकीट काढलें, ट्रेलर पाहिला आणि मुख्य खेळ सुरू होतांच ते उठून गेले. पुढल्या मे महिन्यांत चित्रपट आला. त्यानें अमाप पैसा मिळविला, पण त्याच चाहत्यांपैकीं अनेकांचा विरस झाला. फेब्रुवारी २०२४ मध्यें ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’चा ट्रेलर चोवीस तासांत ३६ कोटींहून अधिक वेळां पाहिला गेल्याचें कंपनीनें जाहीर केलें. आंकडा छाती दडपणारा आहे. पण तो कुतूहलाचा आंकडा आहे, समाधानाचा नव्हे.

पहिल्या ग्रहाचें सामर्थ्य मात्र कमी लेखूं नये. एप्रिल २०१९ मध्यें ‘सॉनिक द हेजहॉग’चा ट्रेलर आला, आणि त्यांतील निळ्या प्राण्याचे माणसासारखे दांत व बारीक डोळे पाहून जगभरचे प्रेक्षक विटले. दोन-तीन दिवसांतच दिग्दर्शक जेफ फाउलर यांनीं रूप बदलण्याचें कबूल केलें. प्रदर्शनाची तारीख नोव्हेंबरांतून पुढल्या फेब्रुवारींत ढकलली गेली, नवें रूप लोकांना आवडलें आणि चित्रपटही चालला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्यें ‘आदिपुरुष’ची पहिली झलक अयोध्येंत दाखविली गेली, तेव्हां तिच्यांतील कृत्रिम चित्रणावर अशीच टीकेची झोड उठली, प्रदर्शन जानेवारी २०२३ वरून जूनपर्यंत लांबलें. पण तेथें टीका शमली नाहीं. उलट चित्रपट लागल्यावर ती संवादांपर्यंत पोंचली. रंगरूपाची दुरुस्ती करतां येते; ज्याचा पायाच कच्चा, त्याची डागडुजी कितीशी पुरणार?

आतां मुख्य प्रश्न. ट्रेलर हें वचन आहे काय? महाराष्ट्रांतील एका शिक्षिकेनें हा प्रश्न थेट न्यायासनापुढें नेला. २०१६ च्या ‘फॅन’ या चित्रपटाच्या जाहिरातींत एक गाणें सर्वत्र गाजत होतें. त्या गाण्याच्या ओढीनें कुटुंब चित्रपटास गेलें. पण चित्रपटांत तें गाणेंच नव्हतें. मुलें हिरमुसलीं. ग्राहक आयोगानें तिला दहा हजार रुपये भरपाई व पांच हजार रुपये खर्च देवविला आणि राष्ट्रीय आयोगानेंही तो निर्णय कायम केला. शेवटीं २२ एप्रिल २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. ट्रेलर हा करारासाठीं मांडलेला प्रस्ताव नव्हे, म्हणून त्यांतून करार उत्पन्न होत नाहीं. आणि त्यांतला अंश चित्रपटांत नसणें एवढ्यानेंच व्यापारांतील अनुचित प्रथा ठरत नाहीं, असा त्याचा अभिप्राय पडला. अमेरिकेंतही ‘यस्टरडे’ या २०१९ च्या चित्रपटावर असाच दावा झाला होता. ट्रेलरमधील अ‍ॅना दे आर्मास ही नटी चित्रपटांतून वगळली गेली होती. डिसेंबर २०२२ मध्यें तेथील न्यायाधीशांनीं ट्रेलर ही व्यापारी जाहिरात आहे आणि तिला फसव्या जाहिरातीचा कायदा लागूं शकतो असें मानलें; परंतु तो दावाही पुढें टिकला नाहीं.

कायद्याचें म्हणणें यथायोग्य असेल. प्रत्येक वगळलेल्या दृश्यासाठीं भरपाई मागतां येऊं लागली, तर कोणाही कलावंताला शेवटच्या क्षणीं आपली कृति सुधारतां येणार नाहीं. परंतु न्यायालय जें मागूं शकत नाहीं, तें सभ्यतेनें मागण्यास प्रत्यवाय नसावा. लहान मुलाच्या मनांत ज्या गोष्टीची आशा मुद्दाम जागविली, ती गोष्ट त्याला न देणें हा गुन्हा नसला तरी तें सौजन्यही नव्हे. आमंत्रण म्हणजे जेवण नव्हे, हें पाहुण्यानें ओळखावें. आणि पक्वान्नांचीं नांवें घेऊन बोलावल्यावर ताटांत तीं असावींत, हें यजमानानें.

न्यायालय पाठीशीं नाहीं म्हटल्यावर राखण ज्याची त्यानेंच करावयाची. ट्रेलर कांहीं गोष्टी प्रामाणिकपणें सांगतो. नट कोण, चित्रण कसें, भाषा किती सुसंस्कृत, मारामारी व रक्तपात किती, याचा अंदाज त्यावरून बांधावा. कथा शेवटपर्यंत धरून ठेवील काय, पात्रें खरीं वाटतील काय, तीन तास बसणें सार्थकीं लागेल काय, हें मात्र तो सांगूं शकत नाहीं. तें विचारूंही नये. मुलांना नेण्यापूर्वीं प्रमाणपत्र पाहावें. २०२३ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाल्यापासून पालकांच्या मार्गदर्शनाच्या वर्गाचे ७, १३ व १६ वर्षांवरील असे पोटभाग झाले आहेत, ते त्यासाठींच. आणि ट्रेलर एकदां पाहून पुरे करावा. दहादां पाहिलेल्या ट्रेलरचा चित्रपट पाहतांना प्रेक्षक कथा पाहत नाहीं. ओळखीचीं दृश्यें केव्हां येतात, एवढेंच मोजीत बसतो.

पहिला ग्रह होणें हा मनाचा स्वभाव आहे. तो कोणास टाळतां येत नाहीं. त्याला निकाल मानावयाचें कीं केवळ सूचना, एवढें मात्र ज्याच्या त्याच्या हातीं आहे. जो चित्रपट पहिल्या तीन दिवसांनंतरही उभा राहतो, त्याची वार्ता शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आपोआप घरीं येते. आणि त्या वार्तेला पार्श्वसंगीताची गरज लागत नाहीं.