सुट्या भागांचा शोध

हिवाळ्यांतल्या एखाद्या रविवारीं सकाळीं जुन्या मोटारींची मिरवणूक शहरांतून निघते. पितळी दिवे झळकत असतात, रबरी फुग्यांचे भोंपू वाजत असतात, आणि दुतर्फा उभी असलेली मंडळी कौतुकानें विचारतात, "काय हो, ही खरोखरच अजून चालते?" चालते, हें तर डोळ्यांना दिसतच असतें. पण ती कशाच्या जोरावर चालते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. जी गाडी बांधणारे हात केव्हांच थांबले, जिच्या कारखान्याच्या जागीं आज दुसरेंच कांहीं उभें आहे, तिचें एखादें दांतेरी चाक मोडलें, तर दुसरें आणावयाचें कोठून? श्रोतेहो, आज मी आपणांस या शोधाचीच हकीकत सांगणार आहें.

सर्वच जुन्या मोटारींची स्थिति सारखी नसते. फोर्डची 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती, आणि तेवढ्या काळांत ती दीड कोटीच्या वर तयार झाली. गोतावळा एवढा मोठा असल्यावर अडीअडचणीला कोणी ना कोणी नातलग भेटतोच. अमेरिकेंत तिचे कित्येक भाग आजहि नव्यानें बनतात. आपल्याकडे १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईंत शिवडी येथें शेव्हरोलेट गाड्यांची जुळणी सुरू केली. त्यामुळें त्या गाड्यांचे अवशेष अजून आपल्या मुलखांत अधूनमधून दृष्टीस पडतात. उलट, ज्या लहान कारखान्यांनीं थोड्याशा गाड्या काढून आपलीं दारें लावलीं, त्यांच्या गाड्या म्हणजे निर्वंश घराण्यें. तेथें एखादें ओतीव झांकण फुटलें, तर दोनच वाटा उरतात. एक, दुसऱ्या मेलेल्या गाडीचें तें मिळवावें. किंवा दोन, नवें ओतून घ्यावें. आणि ओतून घेणें दिसतें तितकें सोपें नाहीं. जुना तुकडाच वाळूंत दाबून सांचा घेतला, तर नवा तुकडा अंमळ लहान निघतो. कारण ओतीव लोखंड थंड होतांना शेंकडा एकच्या सुमारास आकसतें. म्हणून नमुना तेवढा मोठा करून घ्यावा लागतो. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाहीं, त्याचा पैसाहि जातो आणि तुकडाहि बसत नाहीं.

भाग मिळण्याचीं ठिकाणें म्हटलीं, तर इंग्लंडमध्यें ब्यूली या गांवीं १९६७ पासून मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील हर्शी येथें दर शरद्ऋतूंत असाच बाजार भरतो. तो जुन्या मोटारींच्या ज्या क्लबानें चालविला, त्याची स्थापना १९३५ सालची आहे. तेथें माणसें दिवसचे दिवस चालतात आणि एखाद्या नटाकरितां शेंकडों टेबलें धुंडाळतात. आपल्याकडे असा ठरलेला मेळा नाहीं. परंतु मुंबईचा चोर बाजार आहे, गांवोगांवचीं भंगाराचीं दुकानें आहेत, आणि ज्यांच्या मालकांनीं 'कधीं तरी उपयोगीं पडेल' म्हणून कांहींच फेंकून दिलें नाहीं, अशीं जुनीं गॅरेजें आहेत. माझा अनुभव असा कीं, या तिहींपैकीं शेवटचें स्थान सर्वांत श्रेष्ठ होय.

परंतु वस्तु सांपडणें हें अर्धेंच काम. ती कोणाची, हें ओळखणें हें उरलेलें अर्धें, आणि तेंच अवघड. सुदैवानें लोखंडाला वाचा असते. मात्र त्याची लिपि शिकावी लागते. फोर्डच्या भागांवर क्रमांक असतो. त्यांतील मागचा आंकडा तो भाग कोणता हें सांगतो, आणि पुढचें अक्षर किंवा आंकडा तो प्रथम कोणत्या गाडीसाठीं योजला हें सांगतो. 'ए-६०५०' म्हणजे 'मॉडेल ए' गाडीचें सिलिंडर हेड. आरंभीं १८ असला तर तो १९३२ च्या आठ सिलिंडरी गाडीचा, ७८ असला तर १९३७ च्या गाडीचा. येथें 'प्रथम' या शब्दाकडे लक्ष असावें. पुढच्या सालांच्या गाड्यांतहि जुनाच भाग वापरला जाई, त्यामुळें क्रमांक जुना दिसला म्हणून भाग परका ठरत नाहीं.

शेव्हरोलेटच्या ओतीव भागांवर बहुधा ओतल्याची तारीख असते. इंग्रजी बाराखडींतील पहिलीं बारा अक्षरें म्हणजे बारा महिने, त्यानंतर दिवस, आणि शेवटीं सालाचा अखेरचा आंकडा. 'सी १४ ९' असें वाचलें, म्हणजे मार्चची चौदा तारीख. पण साल १९२९ कीं १९३९? तें ठसा सांगत नाहीं. त्यासाठीं भागाची घडण पाहावी, शेजारचा क्रमांक पाहावा, आणि मगच निर्णय करावा. एका खुणेवर विसंबणारा मनुष्य या बाजारांत हटकून फसतो.

मॅग्नेटोचें उदाहरण याहून बोलकें आहे. पूर्वींच्या कित्येक गाड्यांत ठिणगी पाडण्याचें काम या यंत्राकडे असे. दोन मॅग्नेटो शेजारीं ठेवले, तर जुळ्या भावांसारखे दिसतात. पण एक उजवीकडे फिरण्यासाठीं केलेला असतो, दुसरा डावीकडे. त्याच्या अंगावर लहानसा बाण कोरलेला असतो. काजळी पुसून तो बाण न पाहतां जो मॅग्नेटो विकत घेतो, त्याच्या घरीं कागद दाबून ठेवण्यास एक जड वस्तु येते, एवढेंच.

आतां माझ्याच अज्ञानाची एक गोष्ट सांगतों. माझ्या मामांची १९२५ सालची मॉरिस काउली माझ्याकडे आली, तेव्हां इंजिनावरील एक बोल्ट हरवलेला होता. गाडी इंग्रजी, बोल्टाचें डोकें इंग्रजी पान्यांत नेमकें बसणारें. तेव्हां आटेहि इंग्रजीच असणार, अशी माझी खात्री. पांच-सोळांश इंचाचा बोल्ट आणला आणि तो दोन फेरे छान गेला. तिसऱ्याला अडला. मीं जोर केला, आणि शंभर वर्षें जपलेले आटे एका क्षणांत माझ्या हातून भुगा झाले. मागाहून कळलें तें असें: मॉरिसला हीं इंजिनें प्रथम कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यांतून मिळत. तिची यंत्रसामुग्री फ्रेंच मापाची, म्हणून आटे मिलिमीटरचे. आणि इंग्रज मिस्त्रींकडे पाने इंग्रजी मापाचे, म्हणून बोल्टाचीं डोकीं मात्र इंग्रजी. १९२३ सालीं मॉरिसनें तो कारखाना विकत घेतला, तरी ती रीत तशीच चालूं राहिली. पांच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आठ मिलिमीटरच्या इतकें जवळ कीं बोल्ट आंत शिरतो, आणि इतकें दूर कीं सर्वनाश करतो. वेष एका देशाचा आणि अंतःकरण दुसऱ्या देशाचें! त्या दिवसापासून आटे मोजण्याच्या पट्ट्या खिशांत असल्यावांचून मी भंगाराच्या दुकानाची पायरी चढत नाहीं.

ज्ञानाचा प्रश्न झाला. आतां त्याहून कठीण प्रश्नाकडे वळतों. भाव कोणता द्यावा? या व्यापारांत घेणाऱ्याला पुष्कळदां वस्तूची किंमत ठाऊक असते आणि देणाऱ्याला ती ठाऊक नसते. एके वर्षीं मिरजेकडील एका गांवीं मी गेलों होतों. तेथील एक जुने मिस्त्री वारले होते आणि त्यांच्या पत्नी घरामागील खोली रिकामी करीत होत्या. सर्व माल भंगाराच्या भावानें, किलोवर, देण्याचें त्यांनीं ठरविलें होतें. मीं दोन पोतीं भरून घेतलीं. त्यांत काजळीनें माखलेले दोन मोठे दिवे होते. घरीं येऊन पुसले, तों त्यांवर लूकास कंपनीचें नांव उमटलें. ते 'पी-१००' जातीचे दिवे होते. १९३० नंतरच्या भारी इंग्रजी मोटारींच्या तोंडावर शोभणारे हे दिवे. त्यांची जोडी मिळावी म्हणून लोक देशोदेशीं पत्रें धाडतात.

दुसऱ्या दिवशीं मी परत गेलों आणि त्या बाईंना दिव्यांची खरी किंमत सांगितली. त्यांनीं शांतपणें विचारलें, "मग हें कालच कां नाहीं सांगितलंत?"

मी म्हणालों, "काकू, काल मलाहि ठाऊक नव्हतें."

श्रोतेहो, हें उत्तर अर्धेंच खरें होतें. दिवा हातीं घेतांना त्याच्या वजनावरून आणि मधल्या भिंगावरून मला संशय आला होता; आणि संशय आला म्हणूनच मीं तो त्यांच्यासमोर पुसला नव्हता. काकूंनीं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलें, आणि म्हणाल्या, "हे रोज रात्रीं दिवे पुसून ठेवीत. मला वाटे, उगीच वेळ घालवतात." त्यांनीं पैसे घेतले, आणि एक जुनी वही माझ्यापुढें ठेवली. खोलींतील प्रत्येक भाग कोणत्या गाडीचा, कोणत्या सालीं काढला, हें मिस्त्रींनीं मोडींत लिहून ठेवलें होतें. मी खरें बोलावयास परत गेलों नसतों, तर ती वही रद्दींत गेली असती; आणि वहीशिवाय त्या खोलींतला निम्मा माल मुका झाला असता. प्रामाणिकपणाला नेहमींच असें बक्षीस मिळतें असें नव्हे. परंतु या व्यापारांत माहिती हाच खरा माल आहे, आणि विश्वास तुटला कीं तो माल प्रथम आटतो, हें मला त्या दिवशीं कळलें.

शेवटीं एक शंका उरते. एकेक करून सर्वच भाग बदलले, तर गाडी तीच राहते काय? १९९० सालीं इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढें हा प्रश्न खरोखरीच आला. १९२९ आणि १९३० अशीं दोन वर्षें ल मां येथील शर्यत जिंकलेली एक बेंटली गाडी विकावयाची ठरली. पुढें, तिच्यांत मूळचें फारसें कांहींच उरलेलें नाहीं, असें म्हणून खरेदीदारानें हात आंखडला. न्यायमूर्तींनीं निकाल दिला तो असा कीं, मूळचे भाग गेले असले तरी गाडीचा इतिहास कोठेंहि खंडित झालेला नाहीं, म्हणून ती अस्सल मानली पाहिजे. आपल्या सरकारनेंहि २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणीचे नियम केले; त्यांत सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. दोहोंचें तात्पर्य एकच. नवा भाग बसविण्यांत लाज नाहीं. तो जुना म्हणून खपविण्यांत आहे. आणि एक चालती गाडी फोडून तिचे भाग दहा जणांस विकण्यांत नफा कितीहि असो, त्यांत एका घराण्याचा शेवट होतो.

आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं मोटार नसेल. पण आजोबांच्या लांकडी पेटींत एखादी पितळी टोपी, एखादें जड दांतेरी चाक कदाचित् पडलेलें असेल. तें टाकण्यापूर्वीं त्यावरील धूळ पुसा, अक्षरें वाचा, आणि तें घरीं कसें आलें हें एका चिठ्ठींत लिहून त्याला बांधून ठेवा. कोठें तरी एक गाडी तेवढ्याच एका तुकड्यासाठीं वर्षानुवर्षें थांबली असेल.