सारा दिला म्हणजे राज्य दिलें काय ?



आम्ही खेड्यांतले शिक्षक, वकील नव्हे. पण सरंजाम म्हणजे काय, खंड म्हणजे काय, हें सातारा-सांगलीकडच्या कुणब्याला किंवा बलुतेदाराला शिकवावें लागत नाहीं. ह्याच गोष्टीवरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत एक मोठा दावा चालला. तो आज सांगतों.

१७७९ सालीं पेशव्यांनीं पोर्तुगिजांशीं तह केला. दमणजवळच्या गांवांचें सालीना १२,००० रुपयांचें उत्पन्न त्यांस द्यावयाचें ठरलें. पुढें सनदा होऊन नगरहवेलीचीं गांवें लावून दिलीं. हा सरंजाम. घेणाऱ्यानें सारा खावा, धनीपण देणाऱ्याकडेच.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. देणाराच गेला, मग घेणारा कोण ? खंडकरी कीं मालक ? इंग्रजांनीं हा प्रश्न उकरला नाहीं. पोर्तुगीज राजासारखे वागत राहिले.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टांत स्वातंत्र्यसैनिकांनीं दादरा व नगरहवेली सोडविली. पोर्तुगालनें १९५५ सालीं दावा लावला कीं, आमच्या मुलखांत जाण्यास भारतानें वाट द्यावी. १२ एप्रिल १९६० रोजीं निकाल लागला. मराठ्यांनीं दिला तो साराच, राज्य नव्हे, हें न्यायालयानें मानलें. पण इंग्रजांनीं व मागाहून भारतानें पोर्तुगिजांचा अंमल मुकाट्यानें चालूं दिला, म्हणून तो मुलूख त्यांचा ठरला ! मुलकी अधिकारी, खाजगी माणसें व माल यांस वाट होती. फौजेस व हत्यारांस नव्हती. १९५४ सालीं भारतानें वाट अडविली, त्यांत मात्र आगळीक दिसली नाहीं. तेथें वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. ११ ऑगस्ट १९६१ रोजीं तो मुलूख भारतांत सामील झाला.

दुसरीकडे पाहा. १८९८ सालीं चीननें हाँगकाँगलगतचा मुलूख इंग्रजांस ९९ वर्षांच्या पट्ट्यानें दिला. त्या कागदावर मुदत होती. मुदतीनंतर कोणत्या अधिकारानें राज्य करावें, हें इंग्रजांस सांगतां येईना. १९८४ सालीं करार करून १९९७ सालीं त्यांनीं हाँगकाँगच परत केलें.

म्हणजे मुदतीचा कागद बोलला, आणि मुदत नसलेल्या सनदेवर मौनानें मात केली. मौन धरणारे सरकार होतें. त्या गांवांत नांगर धरणाऱ्या वारली रयतेला १७७९ सालींही कोणीं विचारलें नाहीं, १८१८ सालींही नाहीं. हेगला भांडलीं तीं दोन सरकारें.

बांधवांनो, आपल्या कायद्यांतही दुसऱ्याची उघड, मालकी सांगणारी वहिवाट बारा वर्षें मुकाट सोसली, तर धन्याचा हक्क बुडूं शकतो. म्हणून जमीन खंडानें द्या वा घ्या, काय दिलें व किती मुदतीनें दिलें, तें लिहून ठेवा. पावती घ्या. हरकत असेल तर वेळेवर घ्या. आणि तो कागद दुसऱ्याकडून वाचवून घेऊं नका. आपल्या मुलाला, तशीच मुलीलाही, तो वाचतां येईल असें करा.