ऐकणाऱ्यांचीही उजळणी

भिंगारच्या बाजारातून जाताना दवाखान्यांवरच्या पदव्या आपण वाचतो. पदवीनंतर काय शिकलात, हे मात्र कुणी विचारत नाही. मनावर उपचार करणाऱ्यांचंच बघा: चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी 1992च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ती चालू ठेवायची तर दर 5 वर्षांनी कार्यशाळांचे गुण दाखवावे लागतात. नुसत्या हजेरीपुरत्या, डुलक्या काढायच्या कार्यशाळाही असतात म्हणा! खरं शिक्षण होतं ते समोरासमोरच्या दोन खुर्च्यांत. सरावासाठी एक मानसशास्त्रज्ञ रुग्ण होतो, दुसरा ऐकतो. त्याने घाईने सल्ला दिला, की बघणारा तिसरा लगेच टोकतो. तेव्हा भिंगारकरांनो, उपचाराला जाताना नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. आणि मन फारच जड झालं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लावा. मराठीत बोलता येतं.