ड्रायरचा प्लग लावण्याआधी

आपल्या रत्नागिरीत आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी वाळत घालावी आणि नेमका वळवाचा पाऊस यावा, हे दरवर्षीचंच. म्हणून बचत गट विजेचा ड्रायर घ्यायचा विचार करतात. घेताना दोन आकडे विचारा: व्होल्ट आणि अँपिअर.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. समजा, ड्रायर २३० व्होल्टवर १० अँपिअर घेतो; झाले २३०० वॅट. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. म्हणजे ड्रायर तासाला २.३ युनिट खाणार. हा खर्च पोळीच्या किमतीत धरा.

आता भागाकार. २३० भागिले १० म्हणजे २३ ओहम. हा तापणाऱ्या तारेचा रोध, म्हणजे अडथळा. संध्याकाळी दाब १८० वर उतरला, तर १८० भागिले २३, प्रवाह सुमारे ७.८ अँपिअर. वॅट उरतात जेमतेम १४००. पोळी ओली राहिली तर आधी व्होल्टेज तपासून घ्या, मग ड्रायरला दोष द्या.

सगळ्यात महत्त्वाचं. घरातला लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यावर १० अँपिअरचा ड्रायर लावला तर सॉकेट तापून आग लागू शकते. १६ अँपिअरचा सॉकेट, जाड वायर आणि अर्थिंग जाणकार वायरमनकडून करून घ्या. यंत्राच्या पाटीवर नुसते वॅट असले तर त्यांना २३० ने भागा, अँपिअर मिळतील. पुढच्या बैठकीला गटातल्या प्रत्येक यंत्राची पाटी वाचाच!