एस्पेरांतोमधील पहिले प्रश्न



जबलपूरहून शिवनीमार्गे नागपूरकडे जाणारा रस्ता नर्मदा ओलांडतो व बरगीवरून दक्षिणेकडे उतरतो. नर्मदेवरील मोठ्या धरणामुळे या गावाचे नाव आज सर्वपरिचित झाले आहे. भाषेच्या अभ्यासकास मात्र हा रस्ता वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. त्याच्या एका टोकास हिंदी आहे, दुसऱ्या टोकास मराठी, आणि दोहोंच्या मध्ये गोंडांच्या वस्त्या पसरलेल्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. सीमा बदलली तरी माणसांची ये-जा थांबली नाही. जबलपुरात स्थायिक झालेला मराठी गृहस्थ हिंदीत ‘आत्मा’ पुल्लिंगी वापरतो आणि ऐकणारा हसतो. नागपुरात आलेला हिंदीभाषक तोच शब्द मराठीत स्त्रीलिंगी वापरतो आणि तेथेही हसे होते. दोन्ही ठिकाणी घरचा एक आणि पाहुणा एक, असा भेद उरतोच.

हाच भेद एका पोलिश शहरातील मुलास लहानपणीच जाणवला होता. लुडविक झामेनहॉफ यांचा जन्म १५ डिसेंबर १८५९ रोजी बियालिस्टोक येथे झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे लोक शेजारी राहत असत, परंतु एकमेकांकडे संशयाने पाहत. पुढे नेत्रवैद्य झालेल्या झामेनहॉफ यांनी १८८७ साली वॉर्सा येथे आपल्या नव्या भाषेचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर ‘डॉक्टर एस्पेरांतो’ असे टोपणनाव होते. ‘एस्पेरांतो’ म्हणजे आशा बाळगणारा. लोकांनी तेच नाव भाषेस दिले. कोणाचीही मातृभाषा काढून घ्यावी असा झामेनहॉफ यांचा हेतू नव्हता. प्रत्येकाने घरी आपली भाषा बोलावी आणि परक्याशी बोलताना दोघांनीही सारखेच शिकलेले असावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

या भाषेचे उच्चार मराठी माणसास अवघड जाऊ नयेत. तिची अक्षरे अठ्ठावीस असून ती रोमन लिपीत लिहितात. एका अक्षराचा एकच ध्वनी, हा नियम सर्वत्र पाळला जातो. म्हणून लिहिलेले वाचता येते आणि ऐकलेले लिहिता येते. स्वर पाच आहेत: आ, ए, ई, ओ, ऊ. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद अर्थ बदलत नाही. त, द आणि र हे मराठीसारखेच उच्चारावेत. महाप्राण व्यंजने नाहीत. ण आणि ळ हेही नाहीत.

मराठी भाषकास येथे एक विशेष लाभ आहे. आपण ‘चमचा’ आणि ‘चहा’ हे दोन शब्द एकाच अक्षराने लिहितो, परंतु त्यांतील च निरनिराळे असतात. एस्पेरांतोत साध्या ‘सी’ या अक्षराचा उच्चार ‘चमचा’तील दंत्य च सारखा होतो आणि डोक्यावर टोपीचे चिन्ह असलेल्या ‘सी’चा ‘चहा’तील तालव्य च सारखा. हिंदीभाषकास पहिला ध्वनी नव्याने कमवावा लागतो. मराठी माणसाच्या तोंडी तो जन्मापासून असतो. टोपी असलेला ‘जी’ म्हणजे ‘जन्म’मधील ज. ‘झेड’चा ध्वनी ‘जागा’मधील ज च्या जवळचा आहे, मात्र तो उच्चारताना जीभ दातांमागे टेकू द्यावयाची नाही. ‘जे’ हे अक्षर नेहमी य असे वाचावे. इंग्रजीच्या सवयीमुळे येथे हमखास चूक होते.

आघाताचा नियमही एकच आहे: शब्दातील शेवटून दुसऱ्या स्वरावर जोर द्यावा. ‘एस्पेरांतो’मध्ये तो ‘रां’वर पडतो. मराठीत आघात सौम्य असतो, त्यामुळे विद्यार्थी सर्व अक्षरे समान वजनाने उच्चारतो. ही सवय आरंभीच सोडलेली बरी. ‘कीउ’ या शब्दात दोन स्वर आहेत. ‘की’वर जोर द्यावा आणि ‘उ’ वेगळा ऐकू यावा.

आता प्रश्नांकडे वळू. ज्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे असते, त्याच्या आरंभी ‘चू’ हा शब्द येतो. ‘चू वी पारोलास एस्पेरांतोन?’ म्हणजे ‘तुम्ही एस्पेरांतो बोलता का?’ मराठीत ‘का’ वाक्याच्या शेवटी बसतो, हिंदीत ‘क्या’ आरंभी. या बाबतीत एस्पेरांतो हिंदीच्या बाजूची आहे. शब्दान्तीचा ‘न’ हे कर्माचे चिन्ह होय. उत्तर ‘येस’ किंवा ‘ने’ असे द्यावे.

इतर प्रश्नवाचक शब्द नऊ आहेत आणि सर्वांचा आरंभ ‘की’ने होतो. कीउ म्हणजे कोण अथवा कोणता, कीओ म्हणजे काय, कीआ म्हणजे कसा किंवा कशा प्रकारचा, कीए म्हणजे कोठे, कीआम म्हणजे केव्हा, कीआल म्हणजे का, कीएल म्हणजे कसे, कीएस म्हणजे कोणाचा आणि कीओम म्हणजे किती. आरंभीच्या ‘क’ऐवजी ‘त’ ठेवला की दर्शक शब्द मिळतो: कीए म्हणजे कोठे, तर तीए म्हणजे तेथे, कीआम म्हणजे केव्हा, तर तीआम म्हणजे तेव्हा. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. केव्हा–तेव्हा, कसा–तसा, किती–तितका ही रचना त्याच्या घरचीच आहे. झामेनहॉफ यांनी जी पद्धत नियमाने बांधली, ती मराठीत परंपरेने चालत आली आहे. फरक इतकाच की, आपला ‘जेव्हा’ स्वतंत्र आहे. एस्पेरांतोत ‘केव्हा’ आणि ‘जेव्हा’ या दोहोंसाठी ‘कीआम’ हाच शब्द चालतो.

नित्याचे काही प्रश्न पाठ करून ठेवावेत. ‘कीउ वी एस्तास?’ – तुम्ही कोण आहात? ‘कीए वी लोजास?’ – तुम्ही कोठे राहता? ‘कीएल वी फारतास?’ – तुमचे कसे काय चालले आहे? ‘कीओ एस्तास तीओ?’ – ते काय आहे? या वाक्यांत ‘वी’ हा एकच शब्द तू, तुम्ही आणि आपण या तिघांची जागा घेतो. ज्या समाजात अधिकारी गावकऱ्यास ‘तू’ म्हणतो आणि गावकरी त्यास ‘आपण’ म्हणतो, तेथे ही गोष्ट केवळ व्याकरणाची राहत नाही. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच पायरीवर उभे राहतात.

कदाचित याच कारणाने विनोबा भाव्यांचे लक्ष या भाषेकडे गेले असावे. कोकणातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या या मराठी माणसाने वेल्लोर व शिवनी येथील कारावास अध्ययनात घालविला. दक्षिणेच्या चार भाषा ते वेल्लोरच्या तुरुंगात शिकले. शिवनी तर बरगीवरून जाणाऱ्या याच रस्त्यावर आहे, आणि तेथील तुरुंगात १९४४ साली त्यांनी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्याने दिली. पुढे भूदानाच्या काळात युगोस्लाव्हियातील प्रवासी लेखक तिबोर सेकेल यांच्याकडून त्यांनी एस्पेरांतोचेही धडे घेतले. अनेक भाषा येत असलेल्या माणसाने आणखी एका भाषेचा ‘कोण’ आणि ‘काय’ पुन्हा आरंभापासून गिरवावा, यात त्यांची वृत्ती दिसते.

एस्पेरांतोच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिचे बहुतेक धातू युरोपीय भाषांतून घेतलेले आहेत. त्यामुळे फ्रेंच किंवा इटालियन माणसास ती जितकी सोपी, तितकी बरगीच्या गोंड शेतकऱ्यास नाही. समानतेचा तिचा दावा तेवढ्यापुरता अपुरा ठरतो. १९५४ साली युनेस्कोने मॉन्टेव्हिडिओ येथे तिच्या कार्याची दखल घेतली, तथापि ती जगाची व्यवहारभाषा झाली नाही. तरीही तिचा पहिला धडा वाया जात नाही. परक्याची भाषा न येणाऱ्यास हसण्याऐवजी त्याला प्रश्न विचारावा, आणि उत्तर ऐकण्यासाठी स्वतःही थोडे शिकावे, हा तो धडा आहे. हिंदी, मराठी आणि गोंडी जेथे एकमेकींस भेटतात, त्या रस्त्यावर तो आजही उपयोगी पडेल.